दाट प्रोटीन द्रावण आणि अल्ट्रासेंट्रिफ्यूज: आकडा नेमका कुठे फसवतो

त्वचेखाली टोचायच्या अँटिबॉडी औषधाची अडचण साधी आहे. डोस शंभर-दोनशे मिलिग्रॅमचा, आणि एका टोचणीत मावणारा द्रव साधारण एक-दोन मिलिलिटर. त्यामुळे सिरिंजमध्ये १०० ते २०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर इतकं दाट द्रावण भरावं लागतं. तेच प्रोटीन ॲनालिटिकल अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये (नमुना प्रचंड वेगाने फिरवून रेणू कसे खाली सरकतात ते प्रकाशाने पाहणाऱ्या यंत्रात) तपासायला जातं तेव्हा मात्र नेहमीचा शिरस्ता अर्धा ते एक मिलिग्रॅमचा. मधे शे-दोनशे पट बफर ओतला जातो. कायमचे चिकटलेले रेणू या पातळ करण्याला दाद देत नाहीत. पण गर्दीमुळे जवळ आलेले, सैलसर जोड्या करून राहिलेले रेणू लगेच सुटे होतात. ज्यांच्यामुळे द्रावण काकवीसारखं होऊन सुईतून जाईना, ते गुन्हेगार पंचनाम्याआधीच पसार झालेले असतात.

हा प्रश्न फक्त औषधांचा नाही. तांबड्या रक्तपेशीत हिमोग्लोबिनची संहती ३३० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास असते, जिवाणूच्या पोटात सगळे मोठे रेणू मिळून ३०० ते ४००, आणि डोळ्याच्या भिंगातलं क्रिस्टॅलिनही तशाच गर्दीत राहतं. निसर्गात पातळ द्रावण हाच अपवाद आहे. (यापुढे संहतीचा नुसता आकडा आला तर तो मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरमध्येच आहे असं समजावं.)

मग दाट द्रावणच का फिरवू नये? खुशाल फिरवावं, रोटरला त्याचं काही वाटत नाही. गाडी अडते ती दोन ठिकाणी. एक, प्रकाशाला आतलं नीट दिसत नाही. दोन, जे दिसतं त्याचा अर्थ लावणारी नेहमीची समीकरणं रेणू एकमेकांपासून लांब आहेत असं गृहीत धरतात. पहिली अडचण योग्य सेल आणि योग्य पद्धत निवडून बरीचशी सुटते. दुसरी मात्र प्रयोग आखतानाच सोडवावी लागते, नंतर सॉफ्टवेअरमध्ये नाही.

आधी यंत्राबद्दल चार शब्द

रोटरला चार किंवा आठ भोकं असतात. त्यांतलं एक संतुलनाच्या वजनाला जातं, म्हणजे एका फेरीत तीन किंवा सात नमुने. प्रत्येक सेलमध्ये दोन कप्प्यांचा सेंटरपीस असतो, एका कप्प्यात नमुना, दुसऱ्यात बफर. कप्प्यांच्या भिंती अक्षापासून निघालेल्या त्रिज्यांसारख्या पसरत जातात, कारण रेणू त्रिज्येच्या दिशेनं सरकतात; भिंती समांतर ठेवल्या तर ते भिंतीवर आदळून द्रावण ढवळलं जाईल. वर-खाली क्वार्ट्‌झ किंवा सफायरच्या खिडक्या असतात आणि फिरत असतानाच त्यांतून प्रकाश जातो. अक्षापासून सुमारे ६ ते ७.२ सेंटिमीटर एवढाच पट्टा आपण पाहतो. ५०,००० आरपीएमला तळाशी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दोन लाख पट ओढ असते.

रेणूच्या सरकण्याच्या वेगाला त्या ओढीने, म्हणजे त्वरणाने, भागलं की अवसादन गुणांक मिळतो. त्याचं एकक स्वेडबर्ग, १ सेकंदाचा दहा लाख कोटीवा भाग. १९२० च्या दशकात उप्सालात ही पद्धत उभी करणाऱ्या थिओडोर स्वेडबर्ग यांचं नाव त्याला आहे. सुट्या अँटिबॉडीचा गुणांक सुमारे ६.५ स्वेडबर्ग, तिच्या जोडीचा ९ ते ९.५. ४५,००० आरपीएमला ६.५ चा रेणू ६ सेंटिमीटरवरच्या मेनिस्कसपासून, म्हणजे द्रवाच्या वरच्या काठापासून, तळापर्यंत साडेतीन तासांत पोचतो. हा पातळ द्रावणातला हिशोब. दाट द्रावणात त्याच रेणूला सहा तासही लागतात, त्यामुळे रात्रीची फेरी लावताना स्कॅनची संख्या नेहमीच्या सवयीने टाकू नये. बाउंडरी, म्हणजे वर मोकळा झालेला द्रव आणि खालचं प्रोटीनचं द्रावण यांच्यातली सरकती सीमा, अर्ध्यावर असताना फेरी संपलेली असते.

प्रकाश कुठे हरतो

प्रकाशाच्या शोषणाचा हिशोब आधी करू, कारण तो लवकर संपतो. १ मिलिग्रॅमची अँटिबॉडी २८० नॅनोमीटरला १ सेंटिमीटर जाडीत सुमारे १.४ शोषण देते. नेहमीचा सेंटरपीस १२ मिलिमीटरचा. १०० च्या संहतीला त्यात शोषण होईल १६८. मोजता येतं साधारण दीडपर्यंत. ३ मिलिमीटरचा पातळ सेंटरपीस घेतला तरी ४२. त्यातून फोटॉन पलीकडे निघतच नाही. काही जण तरंगलांबी ३०० नॅनोमीटरकडे सरकवतात, तिथे शोषण झपाट्याने पडतं. पण त्या उतारावर उभं राहणं धोक्याचं आहे: तरंगलांबी निवडणारा मोनोक्रोमेटर अर्धा-एक नॅनोमीटर इकडेतिकडे झाला की शोषण बदलतं, आणि तो फरक संहतीतला फरक म्हणून नोंदला जातो. काठावरच्या नमुन्यासाठी हा उपाय चालतो, १०० च्या नमुन्यासाठी नाही.

म्हणून दाट द्रावणासाठी इंटरफेरन्स पद्धत. नमुन्यातून आणि बफरमधून गेलेल्या प्रकाशाच्या पट्ट्या एकमेकींच्या तुलनेत किती सरकल्या ते मोजायचं. १ मिलिग्रॅमला १२ मिलिमीटरच्या सेलमध्ये, ६६० नॅनोमीटरच्या लेसरने, सुमारे ३.३ पट्ट्यांचा सरक मिळतो. ३ मिलिमीटरमध्ये ०.८३. म्हणजे १०० च्या नमुन्याला पातळ सेलमध्ये ८३ पट्ट्या. कागदावर यात काही अशक्य नाही.

अशक्य होतं ते बाउंडरीपाशी. समजा बाउंडरी अर्धा मिलिमीटर रुंद आहे. कॅमेऱ्याचा एक पिक्सेल त्रिज्येवरचे सुमारे ७ मायक्रोमीटर पाहतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरमध्ये जेमतेम ७१ पिक्सेल. त्यांत ८३ पट्ट्या बसवायच्या! एका पिक्सेलमध्ये एकाहून जास्त पट्टी. सॉफ्टवेअर पट्ट्या मोजायचं सोडत नाही, ते चुकीच्या मोजतं. पडद्यावर अशी बाउंडरी गुळगुळीत दिसू शकते आणि तिची उंची मात्र कितीतरी पट्ट्यांनी कमी असते. याच नमुन्याची संहती ३० वर आणली तर २५ पट्ट्या ७१ पिक्सेलमध्ये, म्हणजे पट्टीमागे तीन पिक्सेल: काठावर. १० ला आठ पट्ट्या, निर्धास्त. त्यामुळे आमचा व्यवहारातला ठोकताळा असा: वेगाच्या प्रयोगात (म्हणजे बाउंडरी सरकताना पाहायची असते तेव्हा), ३ मिलिमीटरच्या सेलमध्ये, ३० च्या पुढे इंटरफेरन्सच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी पठाराची, म्हणजे बाउंडरीखालच्या सपाट भागाची, उंची हाताने तपासावी. टाकलेल्या संहतीवरून किती पट्ट्या यायला हव्यात ते माहीत असतंच. त्यात पाच-दहा पट्ट्यांची तूट दिसली की पुढचं विश्लेषण बंद करावं.

दुसरी खोडी प्रकाश वाकण्याची. अपवर्तनांकाचा चढ तीव्र असला की किरण जास्त दाट बाजूकडे, म्हणजे तळाकडे, झुकतो आणि बाउंडरी भलत्याच त्रिज्येवर दिसते. हा सरक सेलच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १२ ऐवजी ३ मिलिमीटर घेतलं की तो सोळा पट कमी. पातळ सेंटरपीसचा खरा फायदा हा आहे. पट्ट्या चौपट कमी होतात ते त्यापुढे किरकोळ. खिडक्या सफायरच्याच हव्यात, क्वार्ट्‌झ त्या ओढीखाली थोडा वाकतो आणि पट्ट्यांमध्ये आपला आकार मिसळतो. कॅमेऱ्याचा फोकस सेलच्या दोन-तृतीयांश खोलीवर असावा, तिथे या वाकण्याचा त्रास सर्वांत कमी होतो.

सेल भरताना

३ मिलिमीटरच्या कप्प्यात सुमारे १०० मायक्रोलिटर मावतात. उरलेली जाडी स्पेसरने भरून काढायची, नाहीतर सेल आवळलाच जात नाही. आवळायचा टॉर्क १२० ते १४० इंच-पाउंड, तोही एका झटक्यात नाही, टप्प्याटप्प्याने.

दाट प्रोटीन नेहमीच्या पिपेटला चकवतं. पिपेट हवेच्या उशीवर चालतं. द्रव घट्ट असला की तो सावकाश चढतो, आणि सोडताना टिपच्या आतल्या भिंतीला थर चिकटून राहतो. पडद्यावर १०० दिसतात, कप्प्यात ९० पडतात. पिस्टन थेट द्रवाला टेकणारं पिपेट वापरावं, किंवा सरळ वजन करावं. वजनाचा हिशोब सोपा आहे: १०० च्या प्रोटीन द्रावणाची घनता पाण्यासारख्या बफरमध्ये सुमारे १.०२५, म्हणजे १०० मायक्रोलिटरचं वजन १०२.५ मिलिग्रॅम. संहतीही अशीच वजनाने पातळ करून मोजावी. पिपेटने १०० पट पातळ करून २८० ला मोजलेली संहती पाच टक्क्यांनी सहज चुकते, आणि तीच पाच टक्के पुढे प्रत्येक गुणांकात जाऊन बसते.

टिप तळापर्यंत नेऊन हळूहळू वर घेत भरावं. बुडबुडा राहिला तर घट्ट द्रावणात तो आपणहून वर येत नाही. समोरासमोरच्या सेलच्या वजनात अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. सेलवरची खूण रोटरवरच्या खुणेशी तंतोतंत जुळवावी. सेल थोडा तिरका बसला की कप्प्याच्या भिंती त्रिज्येशी जुळत नाहीत, भिंतीलगत द्रावण साठतं आणि ते घसरून खाली येताना ढवळण सुरू होतं. पातळ द्रावणात हे कधीकधी खपून जातं, दाट द्रावणात कधीच नाही.

व्हॅक्यूम आणि २० अंश तापमान गाठल्यावर किमान तासभर रोटर स्थिर ठेवावा. पाण्याची विस्यंदिता (वाहण्याला होणारा विरोध) २० अंशांच्या आसपास एका अंशामागे सव्वादोन टक्क्यांहून थोडी जास्त बदलते, त्यामुळे अर्धा अंश म्हणजे एक टक्क्याची चूक. मग ३,००० आरपीएमला एक स्कॅन: मेनिस्कस दोन्ही कप्प्यांत दिसतोय का, दहा मिनिटांनी तो जागचा हललाय का. हलला असेल तर सेल गळतोय. फेरी तिथेच थांबवावी, व्हॅक्यूममध्ये गळणारा सेल रात्रभरात कोरडा होतो.

गर्दीत रेणू कसे वागतात

पहिली गोष्ट, सगळे मंदावतात. खाली जाणारा प्रत्येक रेणू आपल्या आकारमानाइतका द्रव वर ढकलतो. पातळ द्रावणात त्याचं कुणाला काही नसतं. १०० च्या संहतीला मात्र प्रोटीनने ७ टक्क्यांहून जास्त जागा व्यापलेली असते, त्यावर चिकटलेल्या पाण्याची जागा वेगळी, आणि वर येणाऱ्या द्रवाच्या विरुद्ध सगळ्यांनाच पोहावं लागतं. याचं साधं समीकरण: दिसणारा गुणांक म्हणजे मूळ गुणांक भागिले एक अधिक के-एस गुणिले संहती. के-एस हा त्या प्रोटीनचा स्वतःचा आकडा. कडक गोळ्यांसाठी बॅचलर यांनी १९७२ मध्ये काढलेलं उत्तर व्यापलेल्या जागेच्या ६.५५ पट असं आहे. चिकटलेलं पाणी धरून प्रोटीनच्या एका ग्रॅमने एक मिलिलिटर जागा व्यापली असं मानलं तर के-एस साडेसहा मिलिलिटर प्रति ग्रॅमच्या आसपास येतो (या समीकरणात संहती ग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये घालावी). लांबट, पसरट रेणूंसाठी तो वाढतो.

के-एस ८ धरून आकडे टाकून पाहा. संहती १ ला ६.५ चे ६.४५ होतात, कुणाच्या लक्षातही येत नाही. १० ला ६.०. १०० ला ३.६. सुटी अँटिबॉडी, एकही तुकडा पडलेला नाही, आणि अहवालात येतो छोट्या प्रोटीनचा आकडा.

आता याच्यावर जोड्या होण्याची क्रिया चढवा. जोडी वेगाने पडते, म्हणून सरासरी गुणांक वर जायला हवा. गर्दी त्याला खाली ओढते. दोन्ही एकाच वेळी चालू असतात, आणि दोन्ही संहतीबरोबर वाढतात. आलेख आधी चढतो, एका ठिकाणी टेकतो, मग उतरतो. मधला तो जवळजवळ सपाट तुकडा सर्वांत फसवा: १ ते १० च्या दरम्यान गुणांक बदलत नाही म्हणून प्रोटीन आदर्श वागतंय, असा निष्कर्ष काढला जातो. खरं तर न जुळणाऱ्या प्रोटीनचा गुणांक त्या पट्ट्यात सहा-सात टक्क्यांनी पडायलाच हवा होता. तो पडला नाही याचाच अर्थ काहीतरी जुळतंय. दाट द्रावणाच्या सगळ्या विश्लेषणातून एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे: सपाट रेघेला स्पष्टीकरण लागतं, उतरत्या रेघेला नाही.

म्हणून एका संहतीवरचा प्रयोग, कितीही सुबक असला, तरी काही सांगत नाही. मालिका घ्यावी: ०.३, १, ३, १०, ३०. गुणांकाचा व्यस्त संहतीसमोर मांडावा. नुसती गर्दी असेल तर सरळ चढती रेघ येते, तिच्या सुरुवातीवरून मूळ गुणांक आणि उतारावरून के-एस. सुरुवातीलाच खाली झुकून मग चढणारी रेघ आली तर जोड्या आहेत. इथे एक बारकावा सुटतो. कप्पा तळाकडे रुंद होत जातो, म्हणून बाउंडरी खाली जाईल तशी पठाराची संहती त्रिज्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने घटते. मेनिस्कस ६ वर आणि बाउंडरी ६.९ वर असेल तर टाकलेल्या संहतीच्या ७६ टक्केच उरलेली असते. आलेखावर टाकलेली नाही, तर विश्लेषण केलेल्या स्कॅनच्या काळातली सरासरी संहती मांडावी.

बाउंडरीचा आकारही गर्दीत बदलतो. मागे पडलेला रेणू विरळ भागात असतो, तिथे त्याला अडवणारं कमी, म्हणून तो वेगाने पुढे येतो. पुढे गेलेला दाट भागात शिरतो आणि अडकतो. परिणामी बाउंडरी स्वतःला आवळून घेते, तीक्ष्ण होते. नेहमीचं सी-एस वितरण (कोणत्या गुणांकाचे रेणू किती, हे काढणारं विश्लेषण) तीक्ष्ण बाउंडरी पाहून म्हणतं की विसरण कमी आहे, म्हणजे रेणू मोठा आहे. घर्षण गुणोत्तर (गोलाच्या तुलनेत रेणूला किती जास्त घर्षण होतं ते) २ च्या पुढे आणि वस्तुमान भलतंच मोठं आलं, आणि प्रोटीन गोलसर आहे हे ठाऊक असेल, तर दोष प्रोटीनचा नाही.

मिश्रण असेल तर त्याहून वाईट. समजा ५ टक्के जोड्या आहेत, कायमच्या. जोड्यांची बाउंडरी पुढे, सुट्यांची मागे. पुढच्या भागात सुटे रेणू जोड्यांच्या गर्दीत मंद चालतात. जोड्या पुढे निघून गेल्यावर मागे त्यांना मोकळं होतं आणि ते थोडे वेगाने चालतात. त्यामुळे वेगवान बाउंडरीच्या मागे सुटे रेणू साठतात. मोजणीत सुटे जास्त आणि जोड्या कमी दिसतात. जॉन्स्टन आणि ऑग्स्टन यांनी १९४६ मध्ये हा परिणाम उलगडला, त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. दाट द्रावणात थेट मोजलेलं जोड्यांचं प्रमाण म्हणूनच नेहमी कमीच्या बाजूला चुकतं, आणि औषधाच्या बाबतीत ही चूक सोयीच्या दिशेची असल्यामुळे तिच्याकडे काणाडोळा व्हायचा धोका जास्त.

यावर आमचं मत सरळ आहे. कायमचे गठ्ठे मोजायचे असतील तर दाट द्रावणाच्या नादी लागू नये. पातळ करून अर्ध्या मिलिग्रॅमला मोजावं, ते सुटत नाहीत. दाट द्रावणाचा खटाटोप फक्त सुटून जाणाऱ्या जोड्यांसाठी आणि रेणूंमधल्या ढकलाढकलीसाठी. कोणता प्रश्न आहे हे न ठरवता १०० चा नमुना फिरवला की हातात येतात फक्त सुंदर आलेख.

विश्लेषणाची साधनं गेल्या काही वर्षांत सुधारली आहेत. रेणूंचं पडणं आणि पसरणं एकत्र मांडणारं समीकरण स्वेडबर्ग यांचे विद्यार्थी ओले लाम यांनी १९२९ मध्ये दिलं. त्यातला गुणांक आणि विसरण दोन्ही संहतीप्रमाणे बदलू देऊन सोडवता येतं. सेडॲनल या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे, आणि सेडफिट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अशा वागणुकीसकट आकारांचं वितरण काढण्याची पद्धत २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीही एका संहतीवर चालवू नये. के-एस आणि विसरणाचा तसाच गुणांक एकमेकांची चूक भरून काढू शकतात, त्यामुळे तीन-चार संहती एकत्र बसवल्याशिवाय दोन्ही आकडे ठरत नाहीत.

समतोलाचा मार्ग

१०० च्या आसपास जायचंच असेल तर वेगाचा प्रयोग सोडून समतोलाकडे वळावं. कमी वेगाने दोन-तीन दिवस फिरवायचं, पडणं आणि पसरणं बरोबरीला येईपर्यंत. मग बाउंडरी नसते, फक्त तळाकडे चढत जाणारी संहती असते. प्रवाहच थांबलेला असल्यामुळे साठण्याचा आणि मंदावण्याचा प्रश्न मिटतो.

पट्ट्यांचा हिशोब पुन्हा करू. १,५०,००० वस्तुमानाची अँटिबॉडी, ३ मिलिमीटर उंचीचा द्रवस्तंभ, ३ मिलिमीटर जाड सेल, ६,००० आरपीएम, संहती १००. आदर्श द्रावणात तळाची संहती वरच्या टोकाच्या चौपट झाली असती. गर्दीमुळे चढ निम्म्याहून कमी होतो आणि प्रत्यक्षात ती दुपटीच्या आतबाहेर राहते, म्हणजे वर ७० आणि तळाशी १३५ च्या जवळपास. फरक ५४ पट्ट्यांचा, पण तो सुमारे ४३० पिक्सेलवर पसरलेला: पट्टीमागे आठ पिक्सेल. ज्या नमुन्यापुढे वेगाच्या प्रयोगाने हात टेकले, तोच इथे निवांत वाचता येतो. इंटरफेरन्स फक्त फरक सांगतं, पाया सांगत नाही. तो टाकलेल्या एकूण प्रोटीनवरून काढायचा. म्हणून वर वजनाचा एवढा आग्रह.

चढावरून वस्तुमान काढलं तर ते कमी येतं, कारण रेणू एकमेकांची जागा अडवतात. कडक गोळ्यांचं गणित सांगतं की १० टक्के जागा व्यापलेली असेल तर दिसणारं वस्तुमान खऱ्याच्या सुमारे ४६ टक्के येईल. दीड लाखाचे ६९ हजार. हा आकडा फुकटचा मापदंड आहे: दिसणारं वस्तुमान याहून बरंच जास्त आलं तर ओढ किंवा जोड्या आहेत, बरंच कमी आलं तर विद्युतभाराची ढकलाढकल आहे.

समतोलाला लागणारा वेळ स्तंभाच्या उंचीच्या वर्गाने वाढतो, म्हणून स्तंभ ३ मिलिमीटरपेक्षा उंच ठेवण्यात अर्थ नाही. सहा-सहा तासांच्या अंतराने घेतलेले दोन स्कॅन एकमेकांतून वजा करावेत. उरलेली रेघ नुसती सपाट खरखर असेल तरच समतोल आला. तीन दिवसांत प्रोटीन बिघडत असेल तर ही पद्धत त्याच्यासाठी नाही, तेवढंच.

मागमूस ठेवण्याची युक्ती

मिश्रणात एकाच प्रोटीनचं वागणं पाहायचं असेल तर त्याचा किंचितसा हिस्सा रंगवावा, नॅनोमोलर संहतीइतका, आणि बाकीची गर्दी न रंगवता तशीच ठेवावी. ४८८ नॅनोमीटरच्या प्रकाशाने उजळणारा रंग आणि फ्लुरोसन्स डिटेक्टर असेल तर गर्दी दिसतच नाही, फक्त रंगवलेले दिसतात. अपवर्तनाच्या पट्ट्या मोजायच्या नाहीत, शोषणाची कमाल मर्यादा नाही. गर्दीने मात्र ४८८ ला शोषण करता कामा नये, हिमोग्लोबिन करतं. रेणूमागे सरासरी एकाहून कमी रंग असावा आणि रंग असलेला-नसलेला रेणू पातळ द्रावणात सारखाच पडतो हे आधी दाखवावं. कित्येक रंग थोडे चिकट असतात आणि जोड्या त्यांच्यामुळेच दिसायला लागतात. गर्दीसाठी वापरलेल्या दाट प्रोटीनची स्वतःची हलकी चमकही नॅनोमोलर रंगाच्या बरोबरीची भरू शकते, तिचा रंगाशिवायचा एक सेल सोबत फिरवावाच.

डिटेक्टर नसेल तरी अडत नाही. साध्या प्रिपरेटिव्ह अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये (नमुने वेगळे करण्याच्या, प्रकाशाने न पाहणाऱ्या यंत्रात) नळी समतोलाला आणायची, थांबवायची, वरून पातळ-पातळ थर काढून घ्यायचे आणि प्रत्येक थरातला रंग बाहेर मोजायचा. ॲलन मिंटन आणि सहकाऱ्यांनी गर्दीतल्या प्रोटीनसाठी हा मार्ग बराच वापरला आहे. दाट प्रोटीनचा स्वतःचाच घनतेचा चढ थांबताना थरांना सांभाळतो, त्यामुळे इथे दाटपणा उलट उपयोगी पडतो.

बफर: जिथे बहुतेक जण चुकतात

१५० च्या संहतीची अँटिबॉडी म्हणजे १ मिलिमोलर. तिच्यावर २० धन भार असतील तर ते झाकायला २० मिलिमोलर ऋण आयन लागतात. बफर १० मिलिमोलर हिस्टिडिनचा असेल, तर प्रोटीनच द्रावणातला सर्वांत मोठा क्षार झाला! डायलिसिसने (प्रोटीन पातळ पडद्याच्या पिशवीत घालून ती बफरमध्ये बुडवून) बफर जुळवला असं आपण समजतो, पण पिशवीच्या आत धन आयन १० ऐवजी सुमारे ४ मिलिमोलर राहतात, ऋण आयन २४ होतात, आणि पीएच बाहेरच्यापेक्षा जवळजवळ ०.४ ने वर जातो. १५० मिलिमोलर मीठ घातलं तर आतले धन आयन १४० राहतात, म्हणजे फरक सहा-सात टक्क्यांवर येतो.

कमी मिठात आणखी एक गोष्ट घडते. जड प्रोटीन खाली, हलके आयन वर राहू पाहतात, भार वेगळे होत नाहीत म्हणून आयन प्रोटीनला मागे ओढतात. गुणांक आणखी घसरतो. औषधाचा बफर तसाच ठेवून मोजायचं की मीठ घालून, हा प्रश्न वारंवार येतो. दोन्ही करावं. मिठाशिवाय घसरण तीव्र आणि मिठाने कमी झाली तर कारण विद्युतभार. मीठ घातल्यावर गुणांक उलट खूप वर गेला तर मूळ बफरमध्ये भारच रेणूंना एकमेकांपासून लांब ठेवत होता, आणि ओढ आधीपासून होतीच.

साखर किंवा इतर घटक घातलेले असतील तर तेही पडतात. सुक्रोज ५०,००० आरपीएमला आपला घनतेचा चढ तयार करतं आणि इंटरफेरन्सला तो दिसतो. बफरच्या कप्प्यातही तोच बफर, तेवढ्याच उंचीपर्यंत भरलेला असेल, तर चढ वजा होऊन जातो. मेनिस्कसमध्ये अर्धा मिलिमीटरचा फरक राहिला तर वजाबाकी अपुरी पडते आणि उरलेली तिरकी रेघ छोट्या, हळू पडणाऱ्या रेणूंसारखी दिसते.

फेरी संपली की सेल रात्रभर तसेच ठेवू नयेत. तळाशी प्रोटीन शेकडो मिलिग्रॅमच्या घट्ट थरात साचलेलं असतं, काही तासांत ते जेल होतं आणि खिडकी सेंटरपीसला धरून बसते. सेल हळुवार उलटसुलट करून सगळं एकजीव करावं, नमुना बाहेर काढून त्याची संहती पुन्हा मोजावी, आणि टाकलेल्या आकड्याशी ताडून पाहावी. धुताना आधी भरपूर पाणी आणि शेवटी अल्कोहोल; क्रम उलटा झाला तर अल्कोहोल प्रोटीनला सफायरवर गोठवतं आणि पुढच्या फेरीत तो धूसर डाग पट्ट्यांमध्ये त्याच त्रिज्येवर उभा राहतो.